दत्तारामचं मत

हे मी माझ्या आईला सांगितलं नाही. ती गेली. मुलीलाही सांगितलेलं नाही, आणि तिला तर मी सगळंच सांगते असा तिचा समज आहे. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. किंवा कदाचित ओळखतही असाल — दुबईत त्या काळी मराठी माणसं होती किती? हॉलमध्ये त्या दिवशी तुम्हीही बसला असाल, मागच्या रांगेत. टाळ्याही वाजवल्या असतील.

एक सांगून ठेवते. मी चांगली बाई म्हणून प्रसिद्ध होते. हे उपहासानं म्हणत नाही, खरंच होते. नवऱ्यानं टाकलेली, मुलगी डोंबिवलीला आईकडे ठेवून एकटी दुबईला आलेली, बर दुबई या भागात, पैसे गावी पाठवणाऱ्या एका मनी एक्स्चेंजच्या काउंटरवर उभी राहून नोकरी करणारी. लोक मान द्यायचे. आमच्या मराठी मंडळाच्या कमिटीवर मी पहिली बाई होते. तो मान मला आवडायचा. आवडायचा म्हणजे — मी त्यावरच जगत होते.

माझ्या नवऱ्याला कोर्टानं मुलीची पोटगी द्यायला सांगितली होती. त्यानं एक रुपया दिला नाही. वकिलाकडे खेटे घातले, वॉरंट काढलं, तो पत्ता बदलून मोकळा. शेवटी मी पासपोर्ट काढला आणि आले. मुलगी चार वर्षांची होती. विमानतळावर ती रडली नाही, मला टाटा केला. तिला वाटलं मी संध्याकाळी येणार आहे.

मंडळ म्हणजे कागदोपत्री काही नव्हतं. बर दुबईत एका उपाहारगृहाच्या वर हॉल होता, तो शुक्रवारी दुपारी मिळायचा. गणपती, दिवाळी, हळदीकुंकू. पण एक मोठी गोष्ट मंडळ करायचं — कुणी अडचणीत आला तर त्याच्यासाठी उभं राहायचं. कंपनीनं पासपोर्ट दाबून ठेवला, पगार थकवला, तर कमिटीतली चार वजनदार माणसं जाऊन मॅनेजरशी बोलायची. कुणासाठी जायचं हे सभेत हात वर करून ठरायचं. ज्याला मत होतं त्याच्यासाठीच मंडळ जायचं. मत नाही तर मंडळ नाही. इतका साधा हिशेब.

नियम माझा होता. जो सभासद गावाकडे आपल्या मुलांना पैसे पाठवत नाही, त्याचं मत काढून घ्यायचं. ही सूचना मी मांडली तेव्हा हॉलमधल्या बायकांनी पहिल्यांदा इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या. पुरुष गप्प होते, पण विरोध करणार कोण? आपलंच नाव पुढे येईल. नियम एकमतानं पास झाला. अध्यक्ष कारखानीस साहेब — एका शिपिंग कंपनीत मोठे होते — मला म्हणाले, "मॅडम, असं काम मुंबईतही कुणी केलं नसेल." मी घरी जाऊन आईला पत्र लिहिलं. त्यात हे वाक्य जसंच्या तसं लिहिलं.

नियमात पहिला सापडला तो दत्ताराम.

तो रत्नागिरीकडचा. शटरिंगचा सुतार, सोनापूरच्या मजुरांच्या कॅम्पात राहायचा. गणपतीचं मखर दर वर्षी तोच करायचा, आणि करून झाल्यावर मागे जाऊन चपलांपाशी उभा राहायचा. त्याच्या बायकोचं, शेवंतीचं, पत्र मंडळाच्या पत्त्यावर आलं. कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. वर्ष झालं, पैसे नाहीत, पोरगी शाळेत आहे, मालक काही कळवत नाहीत. ते पत्र सभेत मी वाचून दाखवलं. वाचताना माझा आवाज भरून आला — तो खोटा नव्हता. दत्ताराम उभा राहिला आणि म्हणाला, "खरं हाय." एवढंच. त्याचं मत गेलं.

त्याला कारण विचारावं असं कुणालाही वाटलं नाही. मला तर नाहीच. कारण नंतर कळलं — त्यानंच सांगितलं, माझ्या काउंटरच्या पलीकडून.

दोन-तीन महिन्यांनी तो एक्स्चेंजमध्ये आला. माझ्याच रांगेत उभा राहिला, बाजूचा काउंटर रिकामा असताना. कंपनीनं वर्षभर पगार दिला नव्हता. शेवटी तो कॅम्पातून निघून आला, आता दुबईतल्याच देरा भागात एका वर्कशॉपमध्ये लपून काम करत होता. पासपोर्ट कंपनीकडे, लेबर कार्ड, म्हणजे कामाचा परवाना, रद्द. अशा माणसाला तिथे एक शब्द होता — खल्लीवल्ली. म्हणजे ज्याचं कुणाला काही नाही असा. आणि आमच्या एक्स्चेंजमध्ये लेबर कार्डाची कॉपी असल्याशिवाय पैसे पाठवायचा ड्राफ्ट निघत नसे.

"ताई," तो म्हणाला, "पत्र तुमीच वाचलात ना? मग आता पैशेपण तुमीच पाठवा."

यात टोमणा नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं, की ज्यानं पत्र वाचलं त्याच्यापर्यंत ते काम पोचलं.

आणि मी पाठवले. शशिधरन नावाचा एक मलयाळी ड्रायव्हर आमचं जुनं गिऱ्हाईक होता. त्याच्या कार्डाची कॉपी फाइलमध्ये होती. दत्तारामचे तीनशे दिरहम — तेव्हाचे अडीच हजारांवर रुपये — मी शशिधरनच्या नावानं लावले. पाठवणारा शशिधरन, घेणारी शेवंती. सापडले असते तर नोकरी गेली असती, व्हिसा गेला असता. तरी केलं. तेव्हा मी खरंच त्या पोरीचा विचार केला होता. हे सांगते ते स्वतःच्या बाजूनं नाही. उलट आहे. मला माहीत होतं काय खरं आहे, एवढंच त्यातून ठरतं.

आठ महिने, दर महिन्याला. कधी तीनशे, कधी दोनशे. एकदा शंभरच आणले आणि म्हणाला, "या टायमाला हात आखडला." मागचं सगळं फिटलं नव्हतं, फिटण्यासारखं नव्हतं. पण पैसे जात होते. मी दर वेळी पावती फाडून देताना मनात म्हणायचे — माझा नियम चालतोय.

मग दत्तारामनं मंडळाकडे अर्ज केला. मत परत द्या. अर्ज हिरव्या शाईत, कुणा पोराकडून लिहवून घेतलेला. मत परत मिळालं तर मंडळ त्याच्या कंपनीशी बोलणार होतं, पासपोर्ट सुटला असता, तो घरी जाऊ शकला असता. पोरीला बघून चार वर्षं झाली होती.

सभेच्या आदल्या दिवशी तो काउंटरवर आला. "पावत्या आणतो उद्या. तुमचं नाव नाय काढणार. तुमी फकस्त इतकंच बोला, पैशे जातात. बस." मी म्हटलं, बघू. तो हसला. माझं 'बघू' त्यानं हो धरलं. मीही ते हो म्हणूनच म्हटलं असावं — असं वाटतं. आता नक्की कसं सांगू?

त्याच संध्याकाळी आईचं पत्र आलं. त्यात शेवटी लिहिलं होतं की माझा नवरा महानगरपालिकेच्या निवडणुकीला उभा आहे. रिक्षांवर फोटो लागलेत, हात जोडलेले. आमच्या चाळीतही येऊन गेला, माझ्या मुलीच्या गालाला हात लावला आणि आईला म्हणाला, लक्ष असू द्या. ज्याच्यावर पोटगीचं वॉरंट होतं तो मतं मागत फिरत होता आणि लोक त्याला मतं देणार होते. निवडूनही आला पुढे.

हे कारण म्हणून सांगत नाही. इतकी वर्षं मी ते कारण म्हणूनच वापरलं, स्वतःशी. पण आईचं पत्र घडी करून पर्समध्ये ठेवणारी मी होते, आणि दत्ताराम माझा नवरा नव्हता हे मला चांगलं माहीत होतं. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये तो माझ्यापासून चार फूट अंतरावर उभा होता. त्याच्या नखांत लाकडाचा भुसा होता. कशी चूक होईल?

शुक्रवार. जेवणं झाली होती, श्रीखंड होतं त्या दिवशी. हॉलचा कल त्याच्या बाजूनं होता. दोघं-तिघं बोलले की थकबाकी राहिली म्हणून माणसाला कायमचं बाहेर ठेवू नये. कारखानीस साहेबसुद्धा म्हणाले, या देशात आपल्याला कुणालाच मत नाही, एक या हॉलमध्ये काय ते आहे, तेवढं तरी कशाला काढायचं. लोक माना डोलवत होते.

मी उभी राहिले. छान बोलले. मी म्हटलं, ज्याच्या पोरीला अजून तिचं पूर्ण मिळालेलं नाही त्यानं हात वर करून इथे आमच्याबरोबर निर्णय घ्यायचा, हे तुम्हाला चालतं? आधी तिचं देऊ दे, मग मत घेऊ दे. बायकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत एक इंजिनिअर बसले होते, त्यांची पहिली बायको आणि दोन मुलं पुण्यात होती आणि त्यांना हे काही देत नाहीत हे मला ठाऊक होतं. तेही टाळ्या वाजवत होते. मी त्यांच्याकडे बघून हसले.

मग दत्ताराम पुढे आला आणि पावत्या टेबलावर ठेवल्या. आठ. ओळीनं, रबर लावून.

"थकलंय. नाय म्हनत नाय," तो म्हणाला. "पन बंद नाय."

कारखानीस साहेबांनी चष्मा लावला. एक पावती बघितली, दुसरी बघितली. "अरे, पण यावर पाठवणाऱ्याचं नाव शशिधरन आहे. हे कोण?"

दत्ताराम पावत्यांकडेच बघत राहिला. त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. दिलेला शब्द पाळत होता.

साहेब माझ्याकडे वळले. "मॅडम, पावत्या तुमच्याच एक्स्चेंजच्या आहेत. तुम्ही सांगा. हे पैसे यांचेच का?"

इथे थांबते जरा. इतकी वर्षं मी इथेच थांबत आले आहे.

तेव्हा मला हो म्हणता आलं असतं. नुसतं हो. पैसे त्यांचेच आहेत, मला माहीत आहे, बाकी विचारू नका. हॉलमध्ये माझ्या शब्दाला तेवढं वजन होतं, कुणी पुढे विचारलं नसतं. नोकरीची भीती वाटली म्हणून खोटं बोलले, असंही मी स्वतःला सांगून पाहिलं आहे. भीती वाटली नव्हती. मला त्या क्षणी राग होता, आणि टाळ्या अजून कानात होत्या, आणि समोर एक पुरुष होता जो हरणार होता. एक तरी हरावा, असं वाटलं. एवढंच होतं ते. यापेक्षा मोठं काही नव्हतं.

मी म्हटलं, "शशिधरन आमचा कस्टमर आहे. ड्रायव्हर आहे. यांना मी आमच्या काउंटरवर कधीच पाहिलेलं नाही."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे याच्या बायकोला पैसे दुसराच पाठवतोय की!"

हसले लोक. सगळे नाही. पण बरेच. त्यात त्याच्या तालुक्यातली पाच-सहा पोरंही होती. बायकाही हसल्या, पदर तोंडाला लावून.

दत्तारामनं तेव्हा माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. एखादं माप चुकलं की सुतार जसं लाकडाकडे बघतो तसं, म्हणजे आपलंच काही चुकलं का, असं. मग त्यानं पावत्या गोळा केल्या. म्हणाला, "असंल सायेब. कायतरी माझीच चूक झाली." आणि बाहेर गेला. त्याला एका वाक्यात मला उघडं पाडता आलं असतं. ह्याच बाईनं नाव बदलून लिहिलं, विचारा तिला. माझी नोकरी त्याच्या हातात होती. त्यानं ती तशीच ठेवली.

मतं घेतली. हात मी मोजले. अर्ज फेटाळला.

तो परत माझ्या काउंटरवर आला नाही. कुठल्याच काउंटरवर गेला नसणार, कार्डाशिवाय कोण घेणार? पोटगीसाठी मी नियम केला आणि एका पोरीला येत होते तेवढे पैसेही बंद केले. हे मला त्याच महिन्यात कळलं होतं. पाच तारीख आली, सहा आली, रांगेत तो नव्हता. मी काय केलं? काही नाही. शशिधरन मात्र आला, स्वतःचे पैसे पाठवायला. मी त्याला चहा मागवला.

दोन-एक वर्षांनी सरकारनं बेकायदा राहिलेल्यांना दंड न घेता जायची सवलत दिली. त्यात तो गेला, असं कळलं. नंतर एका गणपतीला त्याच्या तालुक्यातला एक जण सुट्टीवरून आला होता, प्रसाद खाता खाता हसत सांगत होता. गावात ती गोष्ट तो जायच्या आधीच पोचली होती. दुबईचा कुणी शशिधरन शेवंतीला पैसे पाठवतो. बँकेतल्या कागदावरही तेच नाव, मग अजून काय पुरावा हवा? सासऱ्यानं तिला घराबाहेर काढलं. ती पोरीला घेऊन माहेरी गेली, तिथून चिपळूणला, कुणाकडे तरी धुण्याभांड्याला. मी ऐकलं आणि म्हटलं, "अरेरे." प्रसादाचं ताट पुढे सरकवलं.

एका टाकलेल्या बाईनं दुसरीला टाकायला लावलं. हे वाक्य मी मनात बऱ्याचदा म्हटलं आहे. ऐकायला बरं वाटतं, म्हणून संशय येतो. खरं तर मला तेव्हा शेवंतीची आठवणच नव्हती. बोलताना ती माझ्या डोक्यातच नव्हती. जिच्या नावानं मी सगळं करत होते ती.

नवं शतक लागल्यावर मंडळात तरुण माणसं आली. कम्प्यूटरवाली, शिकलेली. त्यांनी ठराव आणला — ज्यांची ज्यांची मतं या नियमाखाली काढली ती सगळी परत द्यावीत, थकबाकी असो वा नसो. मत काढल्यानं मुलांना एक पैसाही जास्त मिळालेला नाही, असं एक मुलगी म्हणाली. सगळे माझ्याकडे बघायला लागले, नियम माझा म्हणून. मी पहिला हात वर केला. केवढ्या टाळ्या. माझी मुलगी तेव्हा माझ्याकडे राहायला आली होती, तिकडच्या शाळेत जायची. गाडीत मला म्हणाली, "मम्मा, दॅट वॉज सो ब्रेव्ह." मी गाडी चालवत राहिले.

मत परत मिळालेल्यांना पत्रं पाठवायचं काम माझ्याकडे होतं. दत्तारामच्या गावच्या पत्त्यावर मी दोन ओळी पाठवल्या. आपला मताचा हक्क पूर्ववत करण्यात आला आहे. कळावे. तिसरी ओळ लिहिता आली असती. कागदावर जागा होती.

दीड महिन्यानं उत्तर आलं. मुलीचं, रेश्माचं. आखीव कागद, शाळेतलं अक्षर. माझं पत्र गावाहून फिरून चिपळूणला पोचलं होतं. तिनं लिहिलं होतं की बाबा आमच्यासोबतच आहेत, कारखान्यात खोकी ठोकतात. ते सांगतात की तेव्हाचे पैसे त्यांचेच होते. पण आजोबा आणि भावकी म्हणते, बायकोला पाठीशी घालायला खोटं बोलतो. मला स्थळं येतात ती गावापर्यंत चौकशी झाली की परत जातात. आई म्हणते की एक्स्चेंजमधल्या मॅडमना खरं माहीत आहे. ते पैसे कोणाचे होते, एवढी एक ओळ सहीनं लिहून पाठवाल का? आणि खाली, वेगळ्या ओळीत — बाबांना हे पत्र लिहिल्याचं माहीत नाही. ते म्हणतात, मॅडमना त्रास द्यायचा नाही, त्यांची नोकरी जाईल.

एक्स्चेंजची नोकरी सोडून मला दोन वर्षं झाली होती. मी तेव्हा एका शाळेच्या ऑफिसात होते. माझं काहीच जाणार नव्हतं. फक्त हॉलमध्ये कळलं असतं.

मी कागद घेतला. तारीख घातली. 'चि. रेश्मा' लिहिलं. मग मुलीनं जेवायला हाक मारली, मी उठले. दुसऱ्या दिवशी बसले नाही. त्या आठवड्यात नाही. एका महिन्यानं तिचं दुसरं पत्र आलं, पहिलं मिळालं का विचारणारं. ते मी फोडलं आणि वाचलं आणि त्यालाही उत्तर दिलं नाही. तिसरं आलं नाही.

ते पैसे दत्तारामचे होते. आठही वेळा त्यानं स्वतःच्या हातानं माझ्यासमोर मोजून दिले. शशिधरनचं नाव मी घातलं, माझ्या अक्षरात. शेवंतीनं शशिधरनला कधी पाहिलंही नव्हतं. मला हे माहीत होतं, आणि विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले. त्या मुलीनं विचारलं तेव्हा काहीच म्हणाले नाही.